नळीमिस्त्रींचा डावा कान

नळीमिस्त्री इंजिन दातांनी ऐकत. त्यांच्याकडे शिसवीची एक हातभर काठी होती, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. तिचं एक टोक ते चालू इंजिनाच्या अंगावर टेकवत, दुसरं मागच्या दाढांत धरत आणि डोळे मिटून उभे राहत. लाळ काठीवरून ओघळली तरी त्यांना भान नसे. मग काठी काढायची, खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसायचं आणि निकाल सांगायचा, "पयलो बरो आसा. दुसरो आतल्या आत रडता." दुसरा सिलिंडर उघडला की आत काहीतरी तुटलेलं नाहीतर झिजलेलं मिळायचंच. मालवणच्या बंदरावर त्यांच्या निकालावर कुणी वाद घातल्याचं मला आठवत नाही.

त्यांचं खरं नाव मी फक्त एकदा ऐकलं, तेही दवाखान्यात, नोंद करताना. बाकी सगळ्यांसाठी ते नळीमिस्त्री. शिडाच्या होड्यांवर इंजिनं बसायला लागली त्या दिवसांत धूर बाहेर टाकणारी नळी करून देणं हे त्यांचं मुख्य काम झालं होतं. आणि त्या कामात त्यांनी स्वतःच एक रीत पाडली होती. दोन लाँचींना सारखी नळी ते कधीच करून देत नसत. एकीची वीतभर लांब ठेवायची, एकीच्या तोंडाशी तिरका काप द्यायचा, एकीच्या मध्ये पत्र्याचा डबा बसवून तिचा आवाज जाड करायचा. कुणी म्हणालं, "मिस्त्रीनूं, शेजाऱ्याक केलात तशीच माका करा," तर ते उखडत. "तुझ्या आणि शेजाऱ्याच्या बायलेन कशी वळखूची मगे? दोघी जाऊन एकाच व्हडयेकडे उभ्या रवतल्या!"

याचा उपयोग किती मोठा होता ते बंदराबाहेरच्या माणसाला पटकन कळणार नाही. दिवेलागणीला एखादी लाँच यायची राहिली की त्या घरातली बाई मिस्त्रींच्या मांगराशी, त्यांच्या कामाच्या झोपडीशी, येऊन उभी राही. "आमचो खंय रवलो हो?" मिस्त्री हातातलं काम तसंच टाकून वाळूत जात, भोवतीच्या आम्हा पोरांना हाताने गप्प करत आणि डावा कान समुद्राकडे करून उभे राहत. उजव्यापेक्षा डावा तिखट, असं ते म्हणत. आम्हाला फक्त लाटा ऐकू यायच्या. मिस्त्री जरा वेळाने वळत आणि म्हणत, "इलो. खडकाच्या भायर आसा. जा, भात चढव." बाई निमूट घरी जाऊन भात चढवी. अर्ध्या तासाने लाँच लागे. या कामाचे ते काही घेत नसत, आणि हे काम आहे असंही त्यांना वाटत नसे.

माझं घर त्यांच्या मांगरापासून तिसरं. शाळा संपल्यावर मला रेडीला खनिजाच्या धंद्यातल्या एका कचेरीत कारकुनी मिळाली. शनिवारी घरी आलो की संध्याकाळी मांगरात जाऊन बसायचं. मिस्त्री मला चिडवत. "दिवसभर कागद खरडतंस. त्या कामाक आवाज तरी येता काय रे झिला?" मी म्हणायचो, येत नाही. "मगे बरां झालेला चुकलेला कळता कसा तुका?" 

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. देश सोडून चाललेल्या एका पोर्तुगीज अंमलदाराची गाडी आमच्या धाकट्या मालकांनी विकत घेतली. दोन माणसांची, उघडी, काळपट हिरवी विलायती गाडी. सहा सिलिंडरांचं लांबलचक इंजिन. मालकांना ती मुंबईला जुन्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतीत उतरवायची होती. पण रेडीला आणतानाच चढणीवरच्या एका जांभ्या दगडाने तिच्या पोटाखालचा सायलेन्सर नळ्यांसकट फाडून काढला. शर्यत तीन आठवड्यांवर आली होती आणि विलायतेहून भाग यायला चार महिने लागले असते. कचेरीत सगळे माना खाली घालून बसले होते. मी उठून म्हणालो, "आमच्या मालवणात एक माणूस आहे."

मी हे का म्हणालो तेही सांगतो. मिस्त्रींचं कौतुक म्हणून म्हणालो असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मुंबईच्या कचेरीत एक जागा रिकामी होणार होती आणि धाकट्या मालकांना माझं नावसुद्धा माहीत नव्हतं. त्या दिवशी ते माहीत झालं. "गाडी तीन आठवड्यांत उभी केलीस तर तुला मुंबईला नेतो," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले.

गाडी कुडाळवरून फिरवून मालवणात आणली. तिचा उघडा आवाज ऐकून बंदरावरची कुत्री पळाली आणि माणसं धावत आली. धाकटे मालक खाली उतरून म्हणाले, "मिस्त्री, सायलेन्सर बनवून द्याल?"

"सायलेन्सर म्हंजे तोंड दाबूचा. गाडयेचा तोंड दाबूचा आसा काय तुमका?"

"नाही, उलट. मोकळं करायचंय. ताकद वाढली पाहिजे."

"मगे तसा सांगा मां," मिस्त्री म्हणाले आणि त्या चांगल्या कपड्यांतल्या माणसाला बाजूला सारून गाडीखाली शिरले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. दोन सिलिंडरांच्या पलीकडचं इंजिन त्यांनी तोवर पाहिलं नव्हतं. "सहा जण आरतीक उभे आसत," ते मला म्हणाले, "आणि सगळ्यांची तोंडां एका फडक्यान बांधलेली. कसो सूर लागतलो?"

त्यांचं म्हणणं असं होतं की प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी हवी आणि सहाही नळ्यांची लांबी तंतोतंत सारखी हवी. पुढचा सिलिंडर लांब, मागचा जवळ. मग जवळच्याची नळी वळणं देऊन लांब करायची. मी मुंबईहून नळ्या मागवल्या. त्या वाकवताना चेपू नयेत म्हणून आत वाळू ठासून भरावी लागते आणि ती हाडासारखी कोरडी लागते, नाहीतर तापल्यावर आतली ओल नळी फोडून बाहेर येते. मिस्त्रींची बायको, आमच्या काकी, चुलीवर घमेलं ठेवून दिवसभर वाळू भाजत बसल्या. मधेच बाहेर डोकावून म्हणाल्या, "भाजून झाली. आता ही वाढू काय जेवाक?" मिस्त्री आतून ओरडले, "वरती आमटी घाल, झिलाक वाढ. मुंबैक जाऊचो आसा तो, सवय होऊ दे."

नळ्या वाकवायला सहा दिवस लागले. करवंटीच्या कोळशावर नळी लाल करायची आणि लाकडी साच्यावर हळूहळू ओढत आणायची. सहा नळ्या इंजिनाच्या बाजूने उतरून तीन-तीनच्या दोन जुड्या होत, मग दोन्हींची एक. मिस्त्री प्रत्येक नळी पाण्याने भरत आणि ते पाणी मापात ओतून लांबीचा ताळा घेत. एका नळीत दोन पळ्या पाणी कमी भरलं म्हणून त्यांनी ती पूर्ण झालेली नळी कापून टाकली. मी म्हणालो, "मिस्त्री, दोन पळ्यांनी काय होतंय?" त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि नवीन नळीत वाळू भरायला घेतली. लोखंडातलं मला फार कळत नाही, पण त्या सहा नळ्यांइतकं सुंदर काम मी पुढे मुंबईतल्या मोठमोठ्या कारखान्यांतही पाहिलं नाही.

खरं काम त्यानंतर होतं. शेवटची एकत्र नळी किती लांब ठेवायची हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, मिस्त्रींच्या कानात होतं. गाडीबरोबर आलेल्या ड्रायव्हरने इंजिन पूर्ण वेगात सोडायचं, मिस्त्रींनी नळीच्या तोंडाशी हातभर अंतरावर उकिडवं बसायचं, दाढेत काठी धरायची आणि ऐकायचं. मग गरज वाटली तरच दोन बोटं नळी कापायची आणि पुन्हा ऐकायचं. दिवसातून तीस-चाळीस वेळा. आम्ही कानांत कापूस कोंबून लांब माडाखाली उभे राहायचो, तरी छातीत धडधडायचं. मी एकदा कापूस त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात झटकला. "फडक्यातून वास घेवक सांगतंस?"

चौथ्या दिवशी संध्याकाळी इंजिन बंद झाल्यावर ते मला म्हणाले, "कोण रे शंख वाजवता मघापासून?" कुणीच वाजवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आमच्या दारात आल्या. रात्रभर हे उठून बसले होते, म्हणाल्या, आणि हाक मारली तर उजवीकडून कळत नाही. "तू शिकलेलो आसस. डाक्टराक दाखव हेंका."

मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळकांडं घालून दोन्ही कान पाहिले, घड्याळ कानाजवळ धरलं, आवाज देणारा लोखंडी चिमटा वाजवून कानाशी धरला. मिस्त्रींना ते सगळं गमतीचं वाटत होतं. मग डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि मला थांबवलं. ते काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "उजवा कान बराचसा गेलाय. तो परत येणार नाही. डावा अजून चांगला आहे, तो वाचवता येईल. पण आजपासून त्या इंजिनाजवळ नाही. एक दिवससुद्धा नाही. नीट समजावून सांगा त्यांना, माझं त्यांना कळायचं नाही." त्यांनी उजव्या कानाच्या दुखण्यासाठी थेंबांची एक लहान बाटली दिली.

बाहेर व्हरांड्यात मिस्त्री बाकावर बसून सदऱ्याची बटणं लावत होते. "काय सांगल्यान डाक्टरान?"

शर्यतीला आठ दिवस राहिले होते. गाडी चार दिवसांत निघायला हवी होती. दोन-तीन दिवसांचं ऐकणं बाकी होतं आणि ते दुसऱ्या कुणाला येण्यासारखं नव्हतं. हे सगळं मी दारापासून बाकापर्यंतच्या चार पावलांत मोजलं.

"मळ साठलाय म्हणाले," मी म्हणालो. "थेंब घालायचे. आठ दिवसांत बरं वाटेल."

"बघ! मी सांगलंय हिका, मळ तो," मिस्त्री हसले. "बायलमाणूस उगीच भियाता." आणि वाटेत मला म्हणाले, "उजवो बंद आसा तोपर्यंत डाव्यान ऐकतंय. तसोय तो तिखट."

तीन दिवस ते डाव्या कानाने ऐकत राहिले. नळीच्या अधिक जवळ बसून, कारण एका कानावर सगळं आलं होतं. मी माडाखाली कापूस घालून उभा होतो. एकदाही पुढे जाऊन त्यांचा हात धरला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी शेवटचा दोन बोटांचा काप घेतला, इंजिन सोडायला सांगितलं आणि काठी तोंडातून काढून उभे राहिले. तो आवाज मी कसा सांगू? आधी तो फुटत होता, आता तो एकसंध वर चढत गेला, चढतच गेला. ड्रायव्हर आत बसल्या जागी ओरडला. मिस्त्रींनी दोन्ही हात जोडून गाडीला नमस्कार केला.

धाकटे मालक स्वतः गाडी न्यायला आले. सारं बंदर रस्त्यावर होतं. गाडी सुटली, बाजाराच्या वळणापलीकडे दिसेनाशी झाली, पण आवाज येत राहिला. तो चढणीवर गेला, टेकडीला वळसा घालून पुन्हा मोकळा झाला. माणसं टाळ्या थांबवून नुसती ऐकत उभी होती. कुणीतरी म्हणालं, "मिस्त्रीनूं, काय गाता हो!" त्या सगळ्या शांत उभ्या माणसांत मिस्त्रींनी माझ्या बाहीला धरलं आणि विचारलं,

"गेली?"

मी मान हलवून हो म्हटलं. आवाज अजून येत होता.

शर्यतीत गाडीचा दुसरा नंबर आला. नळ्या कुणी केल्या असं लोक विचारत, तेव्हा धाकटे मालक गोव्यातल्या एका पोर्तुगीज कारागिराचं नाव सांगत. मी तिथेच उभा असे. पुढच्या महिन्यात मी मुंबईच्या कचेरीत रुजू झालो.

शिमग्याला घरी आलो तेव्हा मिस्त्री मांगरातच होते, पण समोर काम नव्हतं. काठी दातात धरली की अजून थोडं कळतं, असं ते जोरात बोलून मला सांगत होते. त्या संध्याकाळी एक लाँच यायची राहिली. त्या घरातली बाई येऊन उभी राहिली. तिला माहीत नव्हतं की काय, की माहीत असूनही दुसरं कुठे जायचं ते तिला कळलं नाही, कोण जाणे. मिस्त्री उठले, वाळूत गेले, हात वर करून आम्हाला गप्प केलं आणि डावा कान समुद्राकडे केला. बराच वेळ उभे होते. मग वळून म्हणाले, "इलो. भात चढव."

लाँच आली, पण तीन तासांनी. इंजिन बंद पडून दूर वाहत गेली होती, दुसऱ्या होडीने ओढून आणली. तोवर ती बाई चुलीपाशी भात घेऊन बसली होती आणि मिस्त्री किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत होते. माणसं सुखरूप उतरलेली पाहिली तसे ते वाळूत मटकन बसले. मला म्हणाले, "मी खोटां सांगलंय रे. माका कायच ऐकाक येणा नव्हता. ह्या मी तिका सांगाक व्हया होता." त्यांच्या आयुष्यातलं बहुधा ते एवढंच एक खोटं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मांगराला कुलूप घातलं, ते पुन्हा उघडलं नाही. त्या रात्री त्यांच्या शेजारी वाळूत मीही माझं खोटं घेऊन बसलो होतो. 

पुढे बंदरावर तयार नळ्या दुकानातून यायला लागल्या. सगळ्या लाँची एकाच आवाजात येऊ लागल्या. मिस्त्री घराच्या पडवीत बसून जाळ्यांना गाठी मारत. माझं मुंबईत लग्न झालं, मुलं झाली, बढती मिळाली. दरवर्षी मी त्यांना भेटायचो, धोतरजोडी द्यायचो, आणि ते ती कपाळाला लावायचे.

मिस्त्री गेल्याचं पत्र मागच्या महिन्यात आलं. काकी आहेत अजून. हे छापून आलं तर गावातलं कुणीतरी त्यांना वाचून दाखवीलच. पण त्यांना यातलं नवीन काही नाही, आणि ते का, तेवढं सांगायचं राहिलं आहे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी ठरवून गेलो होतो. पंचेचाळिशी ओलांडली होती, झोप कमी झाली होती आणि एवढं एक बोलून टाकावं असं फार दिवस मनात होतं. मिस्त्री पडवीत एकटेच होते. आता त्यांना काठीनेही काही कळत नव्हतं. वाचता त्यांना कधी येत नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसलो आणि डॉक्टर काय म्हणाले होते ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मळ नव्हता, म्हणालो. डावा कान वाचला असता, म्हणालो. मुंबईच्या जागेसाठी केलं, म्हणालो.  मिस्त्री माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होते आणि मधूनमधून मान डोलवत होते, समोरचा काहीतरी चांगलं सांगत असावा तशी. माझं झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. मला हलकं वाटलं. आता हे लिहितानाही त्या हलकेपणाची लाज वाटते.

वर पाहिलं तर काकी माजघराच्या दारात उभ्या होत्या. हातात सूप होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"इतक्या वरसांनी सांगलंस," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "हेंका ऐकाक येणा नाय, म्हणानच सांगलंस ना रे?"

मी मिस्त्रींकडे पाहिलं.

"मी हेंका हातान सगळा सांगतंय. गावात कोण मेलो, कोणाक झील झालो, सगळा कळता हेंका." त्यांनी सूप खाली ठेवलं आणि दोन्ही हात मोकळे केले. "सांगू ह्या?"

मिस्त्री आळीपाळीने आमच्या दोघांकडे पाहत होते. काकी थांबल्या होत्या. मला हो म्हणायचं होतं. त्यासाठीच मुंबईहून आलो होतो.

मी मान हलवली. नको.

मिस्त्रींनी ती हलणारी मान पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. "असो कसो रे झिला?" ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते म्हणाले. "च्या नको म्हणतंस? माझ्या घराकडे येऊन च्या घेतल्याबिगर जातलंस? गो, ठेव ठेव. ह्येचा काय ऐकू नको."

काकी वाकल्या, खाली ठेवलेलं सूप उचलून घेतलं. मग आत गेल्या. स्टोव्हला हवा मारल्याचा आवाज आला, कप विसळल्याचा आला. त्यांनी चहा आणून माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे न बघता मिस्त्रींच्या शेजारी जाऊन बसल्या. मिस्त्री मी पितो की नाही ते पाहत होते.

मी तो चहा प्यायलो.